‘वेव्हर क्लेम’मध्ये सोडतं कोण आणि धरतं कोण?

सॅन होजेहून एका वाचकांनी विचारलं आहे: “ऑफिसातले जायंट्स या बेसबॉल संघाचे चाहते २०१० साली संघात आलेल्या कोडी रॉसवरून अजून भांडतात. एक म्हणतो, प्रतिस्पर्धी पॅड्रेसना मिळू नये एवढ्यासाठीच त्याला वेव्हरवर क्लेम केलं. दुसरा म्हणतो, छे, फलंदाज हवाच होता. वाद कळतो, शब्द कळत नाही. वेव्हर म्हणजे कर्जमाफीतलंच ना? मग इथे माफी कोणाला? आणि घरी मराठीत सांगताना ‘वेव्हर क्लेम’ला म्हणायचं काय?”

माफी आधी बाजूला ठेवू. ‘लोन वेव्हर’मध्ये बँक कर्ज वसूल करण्याचा आपला हक्क सोडते. कर्जदाराच्या बाजूने पाहिलं की तेच माफीसारखं दिसतं, आणि मराठीत कर्जमाफी हा शब्द रुळला तो त्या बाजूने पाहून. (शेतकरी संघटनेचा या शब्दावर जुना आक्षेप होता: माफी गुन्ह्याला असते, कर्जमुक्ती म्हणा. २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावात शेवटी ‘कर्जमुक्ती’च आलं.) पण इंग्रजी शब्दाचा गाभा माफी नाही, हक्क सोडणं आहे. आपल्याकडे बहीण वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडते तेव्हा तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे हक्कसोडपत्र म्हणतात. त्यातलं ‘हक्कसोड’ हे वेव्हरचं मराठीतलं सख्खं भावंड.

इंग्रजीत हा शब्द आला तो इंग्लंडच्या जुन्या कोर्टकचेऱ्यांतल्या फ्रेंचमधून. अर्थ टाकून देणं, सोडून देणं. ‘वेफ’ हा शब्द त्याच घरातला. आज तो अनाथ, उघड्यावर पडलेल्या पोरासाठी वापरतात, पण जुन्या कायद्यात चोराने पळता पळता टाकून दिलेल्या मालाला वेफ म्हणत, आणि तो राजाच्या खजिन्यात जमा होई. थोडक्यात, बेवारस माल. हात हलवण्याच्या ‘वेव्ह’शी याची गल्लत करू नका. इंग्रजीत लिहिणारे चाहतेसुद्धा ती हटकून करतात आणि खेळाडूला हात हलवून निरोप दिल्यासारखं काहीतरी लिहून बसतात.

आता खरी गोम. बेसबॉलमध्ये हक्क सोडतं कोण? ऐकणाऱ्या दहांतले नऊ म्हणतील, ज्याचा खेळाडू आहे तो संघ. त्याने पोराला वाऱ्यावर सोडलं, दुसऱ्याने उचललं. वरवर चित्र तसंच दिसतं, पण शब्द उलट्या दिशेने चालतो. नियमाच्या भाषेत मालक संघ वेव्हर देत नाही, मागतो. मेजर लीग या वरच्या स्पर्धेत ३० संघ. एक संघ बाकीच्या २९ जणांना विचारतो, या खेळाडूवर तुमचा हक्क सांगायचा आहे की सोडायचा आहे? म्हणजे सोडायचा असतो तो हक्क त्या २९ जणांचा. प्रत्येकाने आपापला सोडला की खेळाडू ‘वेव्हर पार झाला’. इंग्रजीत हा शब्द नेहमी अनेकवचनी का येतो तेही यातूनच कळतं: एक वेव्हर नव्हे, २९ वेव्हर.

मराठी पेपरांच्या आतल्या पानावर वकिलांच्या जाहीर नोटिशी असतात, त्या आठवा. अमुक गटातली तमुक जमीन आमचे अशील विकत घेत आहेत. कोणाचा काही हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. वेव्हरची रचना हुबेहूब हीच. मुदत चौदा दिवसांऐवजी साधारण दोन दिवसांची, आणि कागदपत्रांऐवजी पगाराचा बोजा. या चित्रात ‘क्लेम’ म्हणजे काय, तर नोटिशीला आलेली हरकत. क्लेम करणारा संघ सांगतो, बाकीच्यांनी सोडला असेल, मी माझा हक्क सोडत नाही. म्हणून ‘वेव्हर क्लेम’ या जोडशब्दाच्या पोटातच विरोध आहे. वेव्हर म्हणजे सोडणं, आणि क्लेम म्हणजे सोडायला नकार. कर्जमाफीचा अर्थ मनात धरून बसलं की डोकं चक्रावतं ते इथेच.

तुमच्या ऑफिसातला वाद समजायला आणखी एक गोष्ट लागते: ऑगस्टचा जुना नियम. खेळाडूंच्या खुल्या अदलाबदलीची मुदत ३१ जुलैला संपायची. त्यानंतर कोणाला दुसऱ्या संघाकडे द्यायचा तर आधी वेव्हरवर ठेवावा लागे. एखाद्याने हक्क सांगितला की मालक संघापुढे तीन वाटा असत: खेळाडू परत घ्यायचा, हक्क सांगणाऱ्याशी सौदा करायचा, किंवा करारासकट तसाच देऊन टाकायचा. एकाच खेळाडूवर दोघांनी हक्क सांगितला तर आधी खेळाडूच्या संघाच्याच लीगमधले संघ (मेजर लीगचे दोन भाग आहेत, त्यांनाही लीगच म्हणतात), आणि त्यांच्यातही तक्त्यात जो खाली तो पुढे. म्हणजे सगळ्यात वर असलेल्या संघाचा नंबर आपल्या लीगमध्ये सगळ्यांत शेवटी. त्याच्या पाठीवर असलेल्या संघाला म्हणूनच संधी मिळे. पुढच्याला जो मोहरा हवा आहे तो त्याच्या हाती पडण्याआधी आपण त्यावर हक्क सांगायचा, मग तो आपल्याला हवा असो वा नसो.

२२ ऑगस्ट २०१० ला जायंट्सनी केलं ते याच खिडकीतून. पश्चिम गटात पॅड्रेस पुढे, जायंट्स मागे. फ्लोरिडा मार्लिन्सनी रॉसला वेव्हरवर ठेवलं आणि जायंट्सनी हक्क सांगितला. त्यांच्याकडे आउटफील्डमध्ये, म्हणजे रॉसच्याच जागी, पॅट बरेल आणि आंद्रेस टोरेस होते, शिवाय होसे गियेन त्याच महिन्यात आला होता. इतकी गर्दी असताना आणखी एक कशाला, हा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मार्लिन्स रॉसला परत घेतील असा कित्येकांचा होरा होता. त्यांनी घेतला नाही. तसाच देऊन टाकला. उरलेल्या मोसमाचा सुमारे १० लाख डॉलर पगार जायंट्सच्या माथी आला.

तेव्हा तुमचा पहिला सहकारी हेतूबद्दल बरोबर आहे, असं माझं मत. दुसरा बरोबर ठरला तो नंतर. सप्टेंबरात टोरेसचं अपेंडिक्स काढावं लागलं आणि रॉस रोज खेळू लागला. जायंट्सनी गट जिंकला तो ३ ऑक्टोबरला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, पॅड्रेसनाच ३-० ने हरवून. मग लीगच्या अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिल्या सामन्यात समोर पिचर (चेंडू टाकणारा) रॉय हॅलडे. आधीच्याच सामन्यात त्याने सिनसिनाटीला एकही हिट मारू दिली नव्हती. रॉसने त्याला दोन होमरन मारले, दुसऱ्या दिवशी रॉय ऑसवॉल्टला एक. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. जायंट्ससाठी साखळी सामन्यांत त्याचे तीन होमरन होते, ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांत पाच झाले, आणि सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनचं पहिलं विजेतेपद संघाने मिळवलं. आडवा घातलेला माणूस असा कामाला आला.

आता मराठी शब्दाकडे. क्लेमला पहिला शब्द सुचतो तो दावा. मी तो टाळीन. दावा म्हटलं की कोर्ट आठवतं, नाहीतर निवडणुकीतला ‘विजयाचा दावा’, जो खरा असेलच असं नाही. विम्यातला क्लेम आपण क्लेमच ठेवला आहे, ‘क्लेम पास झाला का?’ असं विचारतो. तो इथे बसत नाही, कारण इथे पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. अस्सल मराठी क्रियापद आहे ‘हक्क सांगणे’. घरावर, वारशावर, खुर्चीवर हक्क सांगतात, तसा खेळाडूवरही. हक्क सांगितला म्हणजे तो मिळालाच असं त्यात गृहीत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मिळाला की मग ‘उचलला’. आयपीएलच्या लिलावामुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे, अमक्याने तमक्याला इतक्या कोटींना उचललं. पण बेसबॉलच्या जुन्या बातम्या मराठीत सांगताना तो जपून वापरा. जॉनी डेमनचंच बघा. २००४ मध्ये यँकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने बॉस्टनसाठी दोन होमरन मारले होते, त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा. पुढच्या मोसमानंतर तो यँकीजकडेच गेला आणि बॉस्टनच्या प्रेक्षकांनी त्याला गद्दार ठरवलं. ऑगस्ट २०१० मध्ये तो डेट्रॉइटकडे होता. बॉस्टन तेव्हा टँपा बे आणि यँकीज या दोघांच्याही मागे होतं, आणि बॉस्टनने त्याच्यावर हक्क सांगितला. करारात काही संघांना नकार द्यायची मुभा डेमनला होती, त्यांत बॉस्टन होतं. तो ‘नाही’ म्हणाला आणि डेट्रॉइटलाच राहिला. ‘बॉस्टनने डेमनला उचललं’ असं मराठीत लिहिलंत तर बातमीच खोटी होईल. ‘बॉस्टनने डेमनवर हक्क सांगितला’ हे शंभर टक्के खरं.

दुसऱ्याला मिळू नये म्हणून केलेल्या क्लेमला अमेरिकन चाहते ब्लॉक म्हणतात. इथे आपली भाषा त्यांच्यापेक्षा श्रीमंत आहे. ‘मोडता घालणे’ हा वाक्प्रचार याच कामासाठी घडवल्यासारखा वाटतो: ठरत आलेल्या गोष्टीत मध्येच घुसून ती होऊ न देणं. खोडा घालणेही चालेल, पण खोड्यात अडकवलेला माणूस दिसतो, मोडत्यात मोडलेला बेत. जायंट्सनी पॅड्रेसच्या बेतात मोडता घातला. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं.

मोडता घालणाऱ्याच्या अंगाशी येतं तेव्हाही शब्द शोधावा लागत नाही: गळ्यात पडणं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये हेच पॅड्रेस दुसऱ्या बाजूला होते. टोरोंटोने रँडी मायर्सला वेव्हरवर ठेवलं. हा पिचर होता, फलंदाज नव्हे. तो अटलांटाला मिळू नये म्हणून पॅड्रेसनी हक्क सांगितला. टोरोंटोला त्याचा करार नकोच होता. त्यांनी मायर्स तत्काळ पॅड्रेसकडे धाडला. पुढच्या दोन मोसमांचे एक कोटी डॉलरहून जास्त पॅड्रेसच्या गळ्यात, आणि मायर्स त्या वर्षानंतर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. लोढणं म्हणतात ते हेच. गंमत अशी की त्या ऑक्टोबरात पॅड्रेसनी अटलांटाला हरवलं आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम फेरी गाठली. तेव्हा डाव फसला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, महाग पडला एवढंच.

‘गळ्यात पडणं’ आणि ‘गळ्यात मारणं’ यांत मात्र फरक ठेवा. मायर्स पॅड्रेसच्या गळ्यात पडला, कारण तो आपल्याकडे येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी आलेक्स रियोसवर हक्क सांगितला, टोरोंटोने बदल्यात काहीही न घेता तो देऊन टाकला, आणि जवळपास सहा कोटी डॉलरचा उरलेला करार शिकागोकडे गेला. तो फलंदाज शिकागोला खरंच हवा होता, म्हणून तिथे पडला म्हणू नये. टोरोंटोवर खार खाऊन असलेला चाहता फार तर म्हणेल, गळ्यात मारला.

आजच्या बातम्यांसाठी हिशेब थोडा बदलतो. २०१९ पासून ऑगस्टचे ते परत घेता येणारे वेव्हर बंद झाले. आता मोसमाच्या शेवटी वेव्हरवर ठेवलेल्या खेळाडूवर हक्क सांगितला की तो करारासकट जातो. परत बोलावता येत नाही, सौदाही होत नाही. ३१ ऑगस्टपर्यंत संघात आलेला खेळाडूच पुढे ऑक्टोबरात खेळू शकतो, म्हणून महिनाअखेरीस झुंबड उडते. २०२३ मध्ये एंजल्सनी एकदम अर्धा डझन खेळाडू वेव्हरवर टाकले. पगाराचं ओझं कमी करायचं होतं. त्यांतला फलंदाज हंटर रेनफ्रो सिनसिनाटीने घेतला, त्याच दिवशी यँकीजचा हॅरिसन बेडरही. रेनफ्रोला महिना भरायच्या आत सिनसिनाटीने काढलं आणि संघाची ऑक्टोबरची वाट थोडक्यात हुकली. इथे ‘उचलला’ बिनदिक्कत लिहा. म्हणजे एकाच इंग्रजी ‘क्लेम्ड’ला २०१८ पर्यंतच्या बातमीत ‘हक्क सांगितला’ आणि त्यानंतरच्या बातमीत ‘उचलला’, असे दोन शब्द लागतील.

आयपीएलमध्ये याचा जोडीदार शोधू नका. तिथला ‘राईट टू मॅच’ जुन्या संघाला हक्क देतो. वेव्हर बाकी सगळ्यांना देतो. आणि मूळ ‘वेव्हर’ या नामाला मी मराठी शब्द सुचवणार नाही. ‘हक्कसोड’ अर्थ समजावून सांगायला उत्तम आहे, पण ‘त्याला हक्कसोडीवर ठेवलं’ म्हटलं तर घरचे सातबारा काढून बसतील. वेव्हरवर ठेवला, वेव्हर पार झाला, वेव्हरवरून उचलला हे तिन्ही प्रयोग मराठी प्रत्ययांत नीट बसतात. लिहिताना ‘वेव्हर’ लिहा, ‘वेवर’ नको. दुसरा उच्चार ‘व्ह’ आहे, जसा ड्रायव्हरमध्ये.

घरी सांगायचं वाक्य मग असं होईल: “मार्लिन्सनी रॉसला वेव्हरवर ठेवलं, पॅड्रेसच्या बेतात मोडता घालायला जायंट्सनी त्याच्यावर हक्क सांगितला, आणि मार्लिन्सनी तो देऊनच टाकला.” ऑफिसातल्या दुसऱ्या सहकाऱ्यासाठी मधला मोडता गाळा.