ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तालुक्याच्या शाखेतून पाठवत असशील तर आधी हे वाच

तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. दारव्ह्याजवळचं गाव, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निवड. रात्री झोप लागत नाही, आई आतापासूनच डबे काढून बसली आहे, आणि तुझा प्रश्न असा की हे असं होणं साहजिक आहे का, आणि सोबत काय काय न्यावं. पण मधेच एक ओळ आहे: 'बाकी सगळं झालंय, बाबांच्या खात्यातून पैसे जायचे तेवढे राहिलेत, तालुक्याच्या बँकेत कागद देऊन ठेवलेत.' मी त्या ओळीवर अडकलो. बॅगेचं नंतर बघू.

मीही यवतमाळ जिल्ह्यातलाच, काही वर्षांपूर्वी असाच एका सेमिस्टरला गेलो होतो. पासपोर्टवरच्या नावाचा क्रम, ट्रान्सक्रिप्ट, विमा, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट यावर काही लिहीत नाही. निवड झाली म्हणजे ते तू निस्तरलंच असणार.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे तिकडच्या राहण्या-जेवणाचे पैसे व्हिसाआधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून पोचल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. व्हिसासाठी त्यात महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा, वर्षाचे ११,९०४ होतात. सहा महिने धरले तर ५,९५२ युरो, म्हणजे आजच्या दराने सहा लाखांच्या आसपास. आकडा बदलत असतो आणि तुला किती महिन्यांचे भरायचे ते तुझ्या पत्रावरच्या तारखांवरून ठरेल, तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस, वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहूनच भर. खातं उघडणं सोपं आहे, घरी बसून ऑनलाइन होतं. अडतं ते पैसे इथून तिथे जाताना.

आपल्याकडे कापसाचा, तुरीचा पैसा येतो जिल्हा बँकेत, नाहीतर तालुक्याच्या शाखेत. परदेशात रक्कम पाठवायचं काम मात्र रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँका आणि परकीय चलन कंपन्याच करतात, आणि त्या बँकांच्याही ठरावीक शाखा. बाकीच्या शाखांनी कागद घेऊन पुढे पाठवायचे असतात. आता ते पुढे जातात की नाही, हा सगळा प्रश्न.

मी ज्या शाखेत कागद दिले तिचं नाव घेत नाही. जून महिना होता. पेरणी तोंडावर, पीककर्जासाठी दारापर्यंत रांग, आत बसायला जागा नाही. ती धावपळ मी समजू शकतो. फाइल घेणाऱ्याने सांगितलं की नागपूरला पाठवतो, तिकडून मंजुरी आली की पैसे जातील. पुढे दर खेपेला नवं कारण. साहेब ट्रेनिंगला गेलेत. लिंक नाही. नागपूरचा फोन लागत नाही. पीककर्जाचं आटपू द्या, मग तुमचंच बघतो. बाबा पेरणी सोडून माझ्यासोबत यायचे आणि काउंटरपुढे टोपी हातात घेऊन उभे राहायचे.

शेवटी बँकेतून निवृत्त झालेले एक ओळखीचे काका सोबत आले आणि त्यांनी सरळ मॅनेजरकडे फाइल मागितली. ती टेबलाच्या खणातून निघाली, पीककर्जाच्या अर्जांच्या गठ्ठ्याखाली. कोपऱ्यातली टाचणीसुद्धा आम्ही लावली होती तशीच. जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, कुणाची सही नाही. नागपूरला काहीच गेलं नव्हतं. त्या शाखेतून असं काम त्याआधी कधी झालंच नव्हतं, कसं करायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला आजही राग येतो तो याचाच. 'आमच्याकडे हे होत नाही, यवतमाळला जा' एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही त्याच दुपारी एसटीत बसलो असतो. माहीत नसणं मी समजू शकतो. माहीत नसताना शेतकऱ्याला आठवडेच्या आठवडे 'उद्या या' म्हणणं मला समजत नाही, आणि मी ते माफही केलेलं नाही. शहरातल्या पोराचे पैसे मोबाइलवरून जातात. आपल्या पोरांचं सेमिस्टर कुणाच्या तरी खणात पडून राहतं.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या बँकेतून पैसे गेले, तर ते तिकडे कमी पोचले. मधल्या बँकेने आपलं शुल्क कापून घेतलं. रक्कम थोडीशीच कमी होती, पण पूर्ण भरल्याशिवाय खात्याचं पत्र मिळत नाही आणि त्या पत्राशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. उरलेले युरो पाठवेपर्यंत मुंबईची अपॉइंटमेंट हातची गेली. नवी मिळाली ती बरीच उशिरा. मी पोचलो तेव्हा वर्ग सुरू झाले होते, होस्टेलची खोली दुसऱ्याला गेली होती, आणि ज्या प्रयोगशाळेच्या विषयासाठी मी ते विद्यापीठ निवडलं होतं त्यातल्या जागा भरल्या होत्या. महागडी खोली परवडली एकवेळ, तो विषय गेला तो गेलाच.

म्हणून हात जोडून सांगतो, उद्याच बाबांना घेऊन शाखेत जा आणि विचार की परकीय चलनाचं काम इथे होतं की कागद दुसऱ्या शाखेत जातात. जात असतील तर कोणत्या शाखेत, कोणत्या तारखेला गेले, जावक क्रमांक काय. तो मिळाला नाही तर फाइल परत माग आणि यवतमाळ किंवा अमरावतीच्या अशा शाखेत जा जिथे हे काम नेहमी होतं. परवानाधारक परकीय चलन कंपन्याही पाठवतात, फक्त तुझं ब्लॉक्ड अकाउंट ज्या कंपनीकडे आहे ती तिथून आलेली रक्कम स्वीकारते का ते आधी विचारून घे. जिल्हा बँकेतले पैसे आरटीजीएसने दुसऱ्या बँकेतल्या बाबांच्या खात्यात वळवता येतात. खातं अगदी नवं असेल तर काही शाखा कुरकुर करतात, त्यामुळे जुनं असेल तेच वापर. आणि इथून पुढे कुठलाही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्यायची. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा, पण घे.

ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशात पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज, भरताना कारणाचा कोड एस०३०५, म्हणजे शिक्षणासाठीचा. पाठवणाऱ्याचं पॅन, तुझा पासपोर्ट, निवडीचं पत्र, आणि ब्लॉक्ड अकाउंटच्या पत्रावरचा संदर्भ क्रमांक जसाच्या तसा. शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' लिहायला लाव, म्हणजे खर्च पाठवणाऱ्याकडे राहतो. तरी थोडे युरो जास्तच पाठव, उरले तर तुझेच आहेत. पैसे गेले की स्विफ्टची प्रत, म्हणजे रक्कम परदेशात पाठवल्याचा बँकेचा पुरावा, मागून घे. टीसीएसची, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराची, भीती कुणी घातली तर सांग की १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मी बँकवाला नाही, सीएही नाही, स्वतः पोळल्यावर जे शिकलो ते सांगतोय.

आता झोपेचं. साहजिक आहे, पण माझ्या मते त्यातली अर्धी धाकधूक जर्मनीची नसते, तारीख टांगलेली असते तिची असते. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला त्या दिवसापासून माझ्या पोटातला गोळा गेला आणि नुसती उत्सुकता उरली. नकाशावर होस्टेलपासून विद्यापीठापर्यंतचा रस्ता बोटाने चालत बसायचो. तीही रात्र जागण्यातच जायची, पण ते जागणं गोड होतं. तुझ्याही वाट्याला ते येईल, आधी पैसे जाऊ दे.

तोवर गावात तारीख सांगू नकोस. हे काहींना पटणार नाही, पण मी ठाम आहे. माझ्या वेळी उत्साही मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, शाळेत शाल-श्रीफळ झालं, आणि तारीख उलटून गेली तरी मी गावातच. पारावरून जाताना रोज तोच प्रश्न, 'काय रे, कधी जाऊन राहिला?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. आई मात्र दळणाला जायची टाळायला लागली. तिच्यासाठी तरी फ्लेक्सचं नंतर ठेव.

बॅगेबद्दल थोडंच. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप, पेढे, खव्याची संत्रा बर्फी नाही. ताजी संत्री आणि कढीपत्ताही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. आईला हे आजच सांग, म्हणजे शेवटच्या रात्री डबे उघडून रडारड होणार नाही. जवसाची चटणी, लाल तिखट, काळा मसाला भरपूर ने, तिकडची भाजी आपल्या जिभेला फार मिळमिळीत लागते. थंडीचं जाड जॅकेट इथून नेऊ नकोस, तिथेच घे. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी पोचणार असशील तर दोन वेळचं खाणं हाताशी ठेव. मुंबईच्या अपॉइंटमेंटला बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस सोयीची पडते, पण एक दिवस आधी पोच. पावसाळ्यात गाडीच्या वेळेचा भरवसा नाही.

शाखेत जाऊन आलीस की त्यांनी काय सांगितलं ते इथेच लिही. ए-टू फॉर्म भरून झाल्यावर खाते क्रमांक आणि पॅन झाकून फोटो टाकलास तर सही करण्याआधी मी पाहून देईन, रात्री नऊनंतर मी इथे असतोच.