सेव्ह केल्यावर मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात: दोष फाँटचा नाही

नमस्कार.

तुमची अडचण मला समजली ती अशी. सी शार्पमध्ये लिहिलेले विंडोज फॉर्म्सचे सॉफ्टवेअर आहे, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ आहे आणि मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे. पतसंस्थेच्या सभासदाचे नाव मराठीत भरताना टेक्स्टबॉक्समध्ये ते व्यवस्थित दिसते, पण सेव्ह करून तीच नोंद पुन्हा उघडली की ‘सुनीता’च्या जागी सहा प्रश्नचिन्हे येतात. दुसऱ्या फॉर्मवरून भरलेल्या काही नोंदी मात्र शाबूत आहेत. त्या शाबूत नोंदींची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर तिथे प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर रेघ असलेली रोमन अक्षरे आणि चलनाची चिन्हे दिसतात. शिवाय ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव शोधल्यावर निम्मेच सभासद सापडतात. तुम्ही मंगल फाँट काढून निर्मला यूआय लावला, विंडोजमध्ये मराठी भाषा बसवली, तरी काहीच बदलले नाही.

सर्वांत आधी एक विनंती. फाँट बदलणे आत्ताच्या आत्ता थांबवा आणि ज्या फॉर्मवरून प्रश्नचिन्हे पडतात तो दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढा. प्रश्नचिन्ह ही दिसण्यातली चूक नसते. त्या जागी मूळ अक्षर आता उरलेलेच नसते. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कामात मी हीच चूक केली होती. दोन दिवस मी फाँट आणि विंडोजच्या सेटिंग बदलून पाहत होतो आणि तोवर काउंटरवरच्या ताई नवीन नावे भरतच होत्या. त्या दोन दिवसांतली सगळी नावे नंतर त्यांना सभासद रजिस्टर समोर ठेवून पुन्हा टाइप करावी लागली. त्यांचे ते श्रम माझ्यामुळे वाढले, ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे, आणि म्हणूनच हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

अक्षरे बिघडली की पडद्यावर जे दिसते, त्यावरूनच बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला ते बहुतेक वेळा सांगता येते. रिकामे चौकोन दिसत असतील तर माहिती ठीक आहे, फक्त त्या फाँटमध्ये ते अक्षर नाही. फाँट बदलून सुटणारी तक्रार एवढीच. रेघवाली रोमन अक्षरे दिसत असतील तर बाइट ठीक आहेत, पण वाचणाऱ्याने ते चुकीच्या कोडपेजने, म्हणजे कोणता बाइट कुठले अक्षर हे सांगणाऱ्या चुकीच्या तक्त्याने, वाचले आहेत. साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर कुठेतरी यूनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) मजकूर अशा कोडपेजमध्ये कोंबला गेला आहे, ज्यात देवनागरीला जागाच नाही. तुमच्याकडे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही प्रकार एकाच वेळी आहेत. म्हणून एकच उपाय दोन्हीकडे लागू पडेल असे धरून चालू नका.

आता ती सहा प्रश्नचिन्हे नीट मोजून पाहू. ‘सुनीता’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण यूनिकोडच्या हिशेबाने त्यात स, उकार, न, दीर्घ वेलांटी, त आणि काना असे सहा घटक आहेत. डॉटनेटमधली प्रत्येक स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, यूटीएफ-१६ या यूनिकोड साठवण्याच्या रीतीत असते आणि तीत हे सहा घटक सहा जागा घेतात. हाच शब्द यूटीएफ-८ या दुसऱ्या रीतीत अठरा बाइटांचा होतो, कारण देवनागरीचा प्रत्येक घटक तिथे तीन बाइट घेतो. तुमच्याकडे बरोबर सहा प्रश्नचिन्हे आली, अठरा नाहीत. याचा अर्थ तुमच्या प्रोग्रॅममध्ये नाव शेवटपर्यंत धडधाकट होते आणि यूटीएफ-१६ मधून एका-बाइटी कोडपेजमध्ये जाताना प्रत्येक घटकामागे एक प्रश्नचिन्ह पडले. विंडोजमध्ये अरबी, ग्रीक, थाई यांना स्वतःची आन्सी, म्हणजे यूनिकोडआधीच्या जुन्या पद्धतीची, कोडपेजे मिळाली. विंडोज २००० पासून देवनागरीला आधार मिळाला तो मात्र थेट यूनिकोडमधूनच. त्यामुळे आपला मजकूर कुठल्याही आन्सी वाटेने नेला की त्याची हीच गत होते. विंडोजमध्ये मराठी बसवून उपयोग झाला नाही तो याच कारणाने.

दुसऱ्या फॉर्मच्या नोंदी शाबूत आहेत, हा तुम्ही दिलेला सर्वांत मोलाचा धागा आहे. दोन्ही फॉर्म एकाच टेबलात, एकाच कॉलममध्ये लिहितात, तेव्हा तो कॉलम एनव्हारचार, म्हणजे यूनिकोड मजकूर साठवणाऱ्या प्रकारचा, असलाच पाहिजे. नाहीतर शाबूत नोंदी शाबूत राहिल्याच नसत्या. मग फरक लिहिण्याच्या पद्धतीत आहे. माझी जवळजवळ खात्री आहे की बिघडलेल्या फॉर्ममध्ये टेक्स्टबॉक्समधला मजकूर अधिक चिन्हाने जोडून इन्सर्टची क्वेरी तयार केली आहे आणि नाव साध्या एकेरी अवतरणचिन्हांत टाकले आहे. एसक्यूएल सर्व्हर अशा साध्या अवतरणातल्या मजकुराला व्हारचार, म्हणजे कोडपेजमध्ये साठवायचा मजकूर, समजतो आणि डेटाबेसच्या मूळ कोलेशनच्या (मजकुराची तुलना आणि कोडपेज ठरवणारी सेटिंग) कोडपेजमध्ये, म्हणजे बहुधा १२५२ मध्ये, बदलून घेतो. हे कॉलमपर्यंत पोहोचण्याच्या आधीच घडते. कॉलम एनव्हारचार असूनही त्याच्या पदरात प्रश्नचिन्हेच पडतात, ती अशी. अवतरणाच्या आधी कॅपिटल एन लावला तर ही गळती थांबते, पण मी तो उपाय सुचवणार नाही. पॅरामीटर वापरा, म्हणजे नाव क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळे पाठवा, आणि त्याचा प्रकार एनव्हारचार व लांबी स्पष्ट लिहा. असे केले की नावात अपॉस्ट्रॉफी आली म्हणून क्वेरी मोडत नाही आणि कोणी मुद्दाम घातलेला मजकूर क्वेरी म्हणून चालवला जाण्याचा धोकाही टळतो. पॅरामीटर वापरूनही प्रश्नचिन्हे येत राहिली तर स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे सर्व्हरवर साठवून ठेवलेला क्वेरींचा संच, उघडून पाहा. कॉलम एनव्हारचार, कोडमधला पॅरामीटर एनव्हारचार आणि मधल्या प्रोसिजरचा पॅरामीटर मात्र व्हारचार, असे मी अनेकदा पाहिले आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर ती पडद्यावर करू नका, थेट सर्व्हरवर करा. नावाच्या कॉलममधले पहिले अक्षर सबस्ट्रिंगने काढा आणि त्यावर यूनिकोड हे फंक्शन चालवा. ‘स’ असेल तर उत्तर २३६० येते. ६३ आले तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलेले आहे. आणखी खोलात जायचे असेल तर तोच कॉलम व्हारबायनरीमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रकारात, बदलून पाहा. शाबूत ‘सुनीता’ ३८ ०९ ४१ ०९ २८ ०९ अशा जोड्यांनी सुरू होईल, आणि गेलेल्या नोंदीत ३एफ ०० हीच जोडी सहा वेळा दिसेल. ज्या नोंदींत ६३ आढळेल त्यांची यादी काढून संस्थेला द्या, बॅकअपमध्ये त्या आधीच्या अवस्थेत मिळतात का ते पाहा आणि न मिळाल्यास रजिस्टरवरून भरून घ्या. त्यांना परत आणणारे कोणतेही साधन नाही. जाहिरातीत तसे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका.

पत्ता, गाव, वारसाचे नाव असे इतर कॉलम अजून व्हारचार असतील तर तेही याच कामात बदलून घ्या. कॉलमचा प्रकार बदलताना नॉट नल पुन्हा लिहावे लागते. ते विसरलात तर कॉलम रिकामी किंमत स्वीकारू लागतो आणि हे महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या कॉलमवर इंडेक्स असेल तर आधी काढून नंतर पुन्हा बांधावा लागेल. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन मिळते, तेव्हा कॉलम व्हारचारच ठेवून चालेल का, असे कोणी विचारेल. चालेल, पण मराठीसाठी त्यात लाभ नाही, तोटा आहे. एनव्हारचारमध्ये देवनागरीचा घटक दोन बाइट घेतो, तिथे तीन घेईल, आणि व्हारचारची लांबी बाइटांत मोजली जात असल्याने ५० लांबीच्या कॉलममध्ये सोळाच घटक मावतील. ‘कृष्णाजी’ हे छोटेसे नावही आठ घटकांचे असते.

आता सीएसव्ही. इथे तुमची माहिती गेलेली नाही. फाइल लिहिणाऱ्या डॉटनेटच्या स्ट्रीमरायटरला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची रीत, सांगितले नाही तर तो यूटीएफ-८ मध्ये, पण फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या बीओएम खुणेशिवाय लिहितो. फाइलवर दोनदा क्लिक केले की एक्सेल खूण नसलेली सीएसव्ही यंत्राच्या आन्सी कोडपेजने वाचतो आणि ‘स’चे ई० ए४ बी८ हे तीन बाइट तीन वेगळी रोमन चिन्हे म्हणून दाखवतो. स्ट्रीमरायटरला एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट द्या. मग फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट पडतात आणि एक्सेल ती बरोबर उघडतो. एन्कोडिंगच्या जागी डीफॉल्ट हा पर्याय मात्र देऊ नका. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये त्याचा अर्थ आन्सी कोडपेज असा आहे, म्हणजे आज नुसती विचित्र दिसणारी अक्षरे उद्या खरीच प्रश्नचिन्हे होतील. नव्या डॉटनेटमध्ये त्याच शब्दाचा अर्थ यूटीएफ-८ आहे, त्यामुळे इंटरनेटवरचे एखादे उत्तर एकाकडे चालते आणि दुसऱ्याकडे चालत नाही.

इथे एक धोका आहे. संस्थेतल्या कोणी ती बिघडलेली दिसणारी फाइल एक्सेलमध्ये उघडून, एखादा आकडा दुरुस्त करून सेव्ह केली, तर बिघाड फाइलमध्ये पक्का बसतो. असा मजकूर १२५२ मध्ये बाइट करून पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचला तर बराचसा परत मिळतो, पण सगळा मिळेलच असे नाही. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागांना चिन्हच दिलेले नाही, आणि आपल्या दुर्दैवाने ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, पाय मोडण्याच्या चिन्हाचा ८डी, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी आहे. विंडोजचे स्वतःचे रूपांतर या जागा अदृश्य नियंत्रण-चिन्हे म्हणून सांभाळते, पण मधल्या एखाद्या एडिटरने किंवा ई-मेलने ती गाळली की नेमकी जोडाक्षरे तुटतात. ‘ठ’चे तर आणखी निराळे आहे. त्याचा शेवटचा बाइट ए०, म्हणजे न तुटणारी स्पेस; कोणी भोवतीच्या स्पेस काढून टाकणारे ट्रिम चालवले आणि नाव ‘ठ’ने संपत असले, तर तो बाइट निघून जातो. म्हणून परत मिळवलेली नावे डोळ्यांनी तपासल्याशिवाय डेटाबेसमध्ये घालू नका.

राहिला ‘कऱ्हाडकर’. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजीतल्या उत्तरांत तो सापडत नाही आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी अडवतो. आपला अर्धा ‘ऱ’, म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला, दोन रीतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि त्याला पाय मोडण्याचे चिन्ह देतात. काही साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारे एक चिन्ह, देतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. स्ट्रिंगमध्ये मात्र पहिल्या रीतीने ‘कऱ्हाडकर’ आठ घटकांचे होते आणि दुसऱ्या रीतीने नऊ. यूनिकोडच्या नियमांत ही दोन रूपे समान मानलेली नाहीत, त्यामुळे डॉटनेटचे नॉर्मलाइझ चालवूनही ती एक होत नाहीत. ‘ॲ’चीही तीच कथा. २००८ च्या यूनिकोड ५.१ मध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या सवयीने पुष्कळजण ‘अ’वर चंद्र ठेवून तो लिहितात, आणि मग एक ‘ॲडव्होकेट’ सापडतो, दुसरा सापडत नाही.

यावर मी वापरतो तो उपाय असा. एकच छोटे फंक्शन लिहा आणि नाव सेव्ह करण्याआधी व शोधण्याआधी, दोन्ही वेळी, ते त्यातूनच जाऊ द्या. त्यात आधी ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जोडक हे त्रिकूट ‘ऱ’ व पाय मोडण्याचे चिन्ह यांत बदला, मग ‘अ’ आणि चंद्र यांचा ‘ॲ’ करा, आणि त्यानंतरच उरलेले अदृश्य जोडक व दोन्ही बाजूंच्या स्पेस काढा. हा क्रम मोडू नका. जोडक आधी काढले तर ‘कऱ्हाडकर’मधल्या ‘र’चा रफार होऊन नाव चुकीचे छापले जाईल, आणि पासबुकावर स्वतःचे नाव चुकलेले कोणालाही आवडत नाही. जुन्या नोंदींवरही हे फंक्शन एकदा चालवा, अर्थात बॅकअप घेऊन.

तुम्ही जाता जाता लिहिले आहे की २०१० च्या आधीची काही नावे कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहेत. ती या कामात मिसळू नका. तिथे साठवलेली अक्षरे मुळात रोमन आहेत आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, यूनिकोडमध्ये नेमके उलट. त्यांचे रूपांतर त्या-त्या फाँटच्या तक्त्यानेच करावे लागते, आणि ते नव्या वेगळ्या कॉलममध्ये करून, जुना कॉलम निदान एक लेखापरीक्षण होईपर्यंत तसाच ठेवणे बरे.

विंडोज १० मध्ये संपूर्ण यंत्राला यूटीएफ-८ करणारी एक चाचणी-अवस्थेतली खूण आहे, ती लावा असा सल्ला तुम्हाला मिळेल. ग्राहकाच्या यंत्रावर ती लावू नका. तिथली इतर जुनी सॉफ्टवेअर बिघडू शकतात, आणि तुमची गळती सर्व्हरवर होत असल्याने ती तशीच राहील.

बिघडलेल्या फॉर्ममधला इन्सर्टचा कोड आणि एका गेलेल्या व एका शाबूत नोंदीवर यूनिकोड फंक्शनने दिलेले आकडे इथे टाका. कोडमध्ये पॅरामीटर असूनही ६३ येत असेल, तर स्टोअर्ड प्रोसिजरच्या पहिल्या दहा ओळी आणि डेटाबेसच्या कोलेशनचे नावही द्या. मी आज रात्री पाहतो.