कायदेविषयक सल्ला : कॅराव्हॅनच्या मागे इलेक्ट्रिक सायकली, अपघात आणि लायसन्सवर टांगती तलवार

प्रश्न : वकीलताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गेल्या वर्षी सेकंडहँड टूरिंग कॅराव्हॅन (कारमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेतली. दोघांच्या इलेक्ट्रिक सायकली न्यायच्या म्हणून त्याच डीलरकडून मागच्या भिंतीवर रॅक बसवून घेतला, पैसे क्रेडिट कार्डाने दिले. एकेक सायकल २६ किलोची आहे हे आधीच सांगितलं होतं. ‘रॅक ६० किलोचा आहे, आरामात चालेल,’ असं तो म्हणाला. डेव्हनला जाताना एम-५ मोटरवेवर ब्रिस्टल ओलांडल्यावर उतारावर कॅराव्हॅनचं शेपूट हलायला लागलं, आवरलं नाही. मधल्या कठड्याला धडकून ती आडवी झाली. सुदैवाने कोणालाही इजा नाही. आता पोलिसांचं पत्र आलंय : १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट्स (गुन्ह्यांबद्दलचे दंडगुण) स्वीकारा, नाहीतर कोर्टात या. कॅराव्हॅनच्या विमा कंपनीने क्लेम नाकारला. हँडबुकात मागे रॅक लावायला मनाई आहे आणि वजनही जास्त होतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या ब्रिटिश लायसन्सला दोन वर्षं व्हायचीत, स्पीड कॅमेऱ्याचे ३ पॉइंट्स आधीच आहेत. नागरिकत्वाचा अर्जही यंदा करायचाय. मित्र म्हणतात, पैसे भर आणि मोकळा हो. एक जण म्हणतो, १४ दिवसांत नोटीस आली नाही म्हणजे केसच होत नाही. एक गोष्ट लपवत नाही : आधीच्या ट्रिपलाही ती थोडी हलली होती. तेव्हा डीलरला व्हॉट्सअ‍ॅप केलं, त्याचं उत्तर आलं, ‘पुढे थोडं सामान ठेवा, काही होत नाही.’ काय करू?

उत्तर : पैसे भरून मोकळे होऊ नका. निदान आज तरी नको.

तुमच्या मित्रांनी सल्ला चांगल्या मनाने दिला, पण त्यांनी तुमचे आधीचे ३ पॉइंट्स मोजले नाहीत. इथली पहिली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत केलेल्या गुन्ह्यामुळे एकूण ६ पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द होतं. हा १९९५ चा नव्या चालकांसाठीचा कायदा. त्यात कोर्टाला दयामाया दाखवायला जागा नाही, नोकरीला गाडी लागते वगैरे काही चालत नाही. डीव्हीएलए ही लायसन्स देणारी सरकारी संस्था सरळ पत्र पाठवते आणि तुम्ही पुन्हा लर्नर होता, थिअरीपासून सगळं पहिल्यापासून. पॉइंट्स कोर्टाने दिले की फिक्स्ड पेनल्टीने, म्हणजे पत्रातल्यासारख्या कोर्टाबाहेरच्या ठरावीक दंडाने आले, याने फरक पडत नाही. म्हणजे ती १०० पौंडांची पावती तुम्हाला लायसन्सच्या किमतीला पडेल.

१४ दिवसांचं म्हणाल तर तो नियम स्पीडिंग, बेफिकीर ड्रायव्हिंग अशा ठरावीक गुन्ह्यांना आहे. तुमच्यावरचं कलम त्या यादीत नाही. तो विषय डोक्यातून काढून टाका.

तुमच्यावर लावलंय ते १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ४०-ए. गाडी किंवा तिच्यामागचा ट्रेलर अशा अवस्थेत वापरणं, की कोणाला इजा व्हायचा धोका निर्माण होईल. त्यात भाराचं वजन, तो कुठे ठेवलाय, कसा विभागलाय आणि कसा बांधलाय हे सगळं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. तुम्हाला धोका माहीत होता का, हा प्रश्न गुन्हा सिद्ध करताना येतच नाही. धोका होता, एवढं पुरे.

आणि धोका होता. हे कागदावर मांडूनच दाखवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या प्लेटवर कॅराव्हॅनचं जास्तीत जास्त वजन १४०० किलो आहे आणि पुढच्या कपलिंगवर, म्हणजे कारला जोडायच्या कडीवर, सायकली नसताना भार पडत होता ८५ किलो. साधारण नियम असा, की हा नोजवेट कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे तुमच्या बाबतीत ७० ते ९८. आता मागे दोन सायकली ५२ किलो आणि रॅक १० किलो, मिळून ६२. हे वजन अ‍ॅक्सलच्या मागे सव्वातीन मीटरवर लटकतंय, कपलिंग पुढे चार मीटरवर आहे. तरफेच्या हिशेबाने मागचे ६२ किलो पुढचे जवळजवळ ५० किलो उचलतात. ८५ चे राहिले ३५. बैलगाडीत मागे जास्त पोती टाकली की गाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तेच इथे झालं. उतारावर वेग वाढला, शेजारून एखादा ट्रक गेला, की अशी कॅराव्हॅन डोलायला लागते आणि मागच्या टोकाला असलेलं वजन तो झोका आणखी वाढवतं. डीलरने सांगितलेला ६० किलोचा आकडा खोटा नव्हता, पण तो रॅक किती पेलेल याचा आकडा होता. कॅराव्हॅन काय सोसेल याचा नव्हे. हा फरक ग्राहकाला माहीत नसणं समजू शकतं. रोज कॅराव्हॅन विकणाऱ्याला माहीत नसणं मला मान्य नाही.

म्हणून ‘गुन्हा घडलाच नाही’ असा बचाव मी सुचवणार नाही. कॅराव्हॅन मोटरवेवर आडवी पडलेली असताना तो टिकणार नाही. पण रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९८८ चं कलम ४८ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. कलम ४०-एखाली दोषी ठरलेल्या माणसाने सिद्ध केलं, की या वापराने कोणाला इजेचा धोका आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि तशी शंका यायला रास्त कारणही नव्हतं, तर कोर्टाला लायसन्सवर पॉइंट्स टाकता येत नाहीत आणि ड्रायव्हिंगवर बंदीही घालता येत नाही. ‘टाकू नयेत’ असं नव्हे, टाकताच येत नाहीत. फक्त ही सवलत कोर्टातच मिळते. फिक्स्ड पेनल्टी भरली की तो दरवाजा बंद.

सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमची. तुमच्या बाजूने बरंच आहे : तुम्ही स्वतः रॅक ठोकला नाही, धंद्यातल्या माणसाकडून बसवून घेतला, सायकलींचं वजन त्याला आधी सांगितलं, आणि तो हो म्हणाला. विरोधात दोन गोष्टी आहेत. पहिली, हँडबुक. सेकंडहँड गाडी घेताना ते तुमच्या हातात आलं होतं का? आलं असेल तर मागच्या रॅकचं पान कोर्टात तुमच्यासमोर धरलं जाणार. आलंच नसेल तर तसं ठामपणे सांगा, आणि डीलरच्या हँडओव्हरच्या कागदावर हँडबुकची खूण केलेली आहे का ते आधी पाहा.

दुसरी गोष्ट, आधीच्या ट्रिपचा तो झोका. सरकारी पक्ष म्हणेल, शंका यायला याहून रास्त कारण कोणतं हवं? हा तुमच्या बाजूचा खरोखर कच्चा दुवा आहे. पण तुम्ही त्या झोक्याकडे दुर्लक्ष केलं नाही. ज्याला कळतं त्याला त्याच दिवशी विचारलंत आणि त्याने लेखी दिलासा दिला. शंका आली आणि ती जाणकाराने फेडली, असा माणूस आणि शंका येऊन तसाच दामटत गेलेला माणूस, यांत कोर्ट फरक करू शकतं. करेलच याची हमी मी देत नाही. त्या व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाचा नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही, संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि फोन बदलायचा असेल तर थांबा. झोक्याबद्दल कोर्टात किंवा पोलिसांना विचारलं गेलं तर खरं तेच सांगा. मात्र त्याआधी पोलिसांना स्वतःहून लांबलचक ईमेल लिहायला बसू नका. गाडीवर काय लादलंय आणि ते कसं लादलंय, हे डेंजरस ड्रायव्हिंगच्या व्याख्येतही धरलं जातं. वकील बरोबर असल्याशिवाय शब्द वाढवू नयेत.

आता नागरिकत्व. इथे मात्र खरी देवाणघेवाण आहे आणि ती तुमची तुम्हालाच ठरवावी लागेल. फिक्स्ड पेनल्टी वेळेत भरली तर ती कोर्टाची शिक्षा ठरत नाही. कोर्टात गेलात तर कलम ४८ मुळे पॉइंट्स वाचले तरी दोषसिद्धी आणि दंड राहतोच, आणि तो अर्जात लिहावा लागतो. कमाल दंड तुमच्यासारख्या खासगी गाडीला २५०० पौंड. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट मिळते, वर सरचार्ज आणि खर्च. माझं मत सांगते : लायसन्स हातात असताना, ‘अर्जदाराला धोका माहीत नव्हता आणि शंका यायला कारण नव्हतं’ असं कोर्टाने मान्य केलेला एक दंड अर्जात प्रामाणिकपणे लिहिणं मला परवडण्यासारखं वाटतं. लपवलेला दंड मात्र कधीच परवडत नाही. पण कलम ४८ चं म्हणणं फेटाळलं गेलं तर दंडही बसेल आणि लायसन्सही जाईल, हेही डोळ्यांसमोर असू द्या. गाडी नसली तरी तुमचं भागत असेल आणि अर्ज महिन्याभरात जायचा असेल, तर हिशेब उलटा होऊ शकतो. पत्रातली २८ दिवसांची मुदत संपायच्या आत ट्रॅफिकच्या केसेस करणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवा. तुमच्या कारच्या किंवा घराच्या विम्यात लीगल कव्हर असेल तर त्याची फीही निघेल. कोणी सांगेल, पॉइंट्सऐवजी आठवडाभराची बंदी मागून घ्या म्हणजे लायसन्स वाचेल. नव्या चालकांच्या कायद्याला अशी बगल देणं सहसा योग्य नाही, असं मॅजिस्ट्रेटांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. त्यावर भिस्त ठेवू नका.

या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात करायचं काम वेगळंच आहे. कॅराव्हॅन आत्ता रिकव्हरी यार्डात पडली असेल आणि यार्डवाले स्टोरेजचे पैसे मागत असतील. ती भंगारात जाऊ देऊ नका. रॅक, त्याचे बोल्ट, मागच्या भिंतीतली छिद्रं, आतलं सामान हा तुमचा पुरावा आहे. स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि आतलं सगळं सामान वजन करून यादी बनवा. विमा कंपनी ‘वजन जास्त होतं’ म्हणते, पण कोणी काट्यावर घातली होती का? पॉलिसीतल्या अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो. रिकामं वजन १२५० म्हणजे तुम्हाला सामानाला १५० किलो मुभा होती. सायकली आणि रॅक धरूनही तुम्ही त्यात बसत असाल तर त्यांचा अर्धा मुद्दा तिथेच गळतो.

उरलेला अर्धा पॉलिसीच्या शब्दांवर आहे. ‘उत्पादकाच्या सूचनेविरुद्ध वापर’ असा स्पष्ट अपवाद असेल तर वाट अवघड आहे. विमा कायदा २०१५ चं कलम ११ अशा वेळी वापरतात, पण नियमभंगाचा त्या नुकसानीशी संबंध नसेल तरच ते कामी येतं. इथे तो उघड आहे. पण विमा कंपनीच्या पत्रात नुसतं ‘वाजवी काळजी घेतली नाही’ एवढंच असेल तर चित्र पालटतं. १९९३ च्या सोफी विरुद्ध प्रुडेन्शियल निकालापासून अशा अटीचा अर्थ ठरलेला आहे : धोका दिसत असूनही बेपर्वाईने वागलात तरच तिचा भंग होतो. डीलरला विचारून चालणारा माणूस बेपर्वा नसतो. कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे जा. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, फी काही नाही, आणि निकाल तुम्ही स्वीकारलात तर कंपनीवर बंधनकारक असतो. कठड्याच्या नुकसानीचं बिल नॅशनल हायवेजकडून, म्हणजे मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीकडून आलं तर ते स्वतः भरू नका. ते कारच्या विम्यातल्या थर्ड पार्टी कव्हरचं काम आहे, त्या कंपनीला अपघात कळवला नसेल तर आजच कळवा.

डीलरला मी सोडणार नाही, पण त्याची घाईही करणार नाही. कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे, तुम्ही सांगितलेल्या कामासाठी वस्तू योग्य हवी, काम वाजवी कौशल्याने केलेलं हवं, आणि ग्राहकाने ज्यावर विसंबून निर्णय घेतला ते तोंडी बोलणंही कराराचा भाग धरलं जातं. ‘आरामात चालेल’ हे वाक्य त्याला महाग पडू शकतं. त्यातही रॅकचे पैसे क्रेडिट कार्डाने दिलेत हे उत्तम. किंमत १०० पौंडांच्या वर असेल तर कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार, आणि ती जबाबदारी रॅकच्या किमतीपुरती नसते, त्या करारभंगातून झालेल्या पुढच्या नुकसानीचीही असते. बिल आणि कार्ड एकाच माणसाच्या नावावर आहे ना, तेवढं पाहा. दावा १०,००० पौंडांपर्यंत असेल तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या कोर्टप्रक्रियेत, वकिलाशिवाय चालवता येतो. झोका बसल्यावरही पुन्हा तीच सायकल तिथेच का टांगली, असं डीलर विचारणार आणि भरपाईत कपात मागणार, याची तयारी ठेवा.

डीलरवर दावा करायला मुदत सहा वर्षं आहे. ट्रॅफिकची केस संपेपर्यंत त्याला ‘तुझा रॅक धोकादायक होता आणि मला ते जाणवलं होतं’ अशा धाटणीचं पत्र लिहू नका. तेच पत्र तुमच्याविरुद्ध वाचलं जाईल. तोवर एवढंच करा : डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली तुमच्याबद्दलची सगळी माहिती, जॉबकार्ड, मेसेज, फोनच्या नोंदी त्याच्याकडे मागा. महिन्याभरात द्यावी लागते, आणि या अर्जात आरोप करावा लागत नाही.

पुढे दुसरी कॅराव्हॅन घेतलीत तर सायकली पुढच्या ए-फ्रेमवर (कॅराव्हॅनला कपलिंगशी जोडणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर) लावू, असं मनात येईल. हिशेब करून पाहा : तेच ६२ किलो अ‍ॅक्सलच्या पुढे तीन मीटरवर ठेवले तर नोजवेट ४५ किलोंहून जास्त वाढतो. तुमच्या टोबारची (कारच्या मागच्या ओढायच्या दांड्याची) मर्यादा ९० किलो आहे, ती तिथेच ओलांडली जाईल. बॅटऱ्या काढून, सीट पाडून सायकली कारच्या आत जात असतील तर तसं न्या. नाहीतर कॅराव्हॅनच्या आत, अ‍ॅक्सलच्या वर, जमिनीला घट्ट बांधून. आणि निघण्याआधी नोजवेट गेजवर मोजा, गेज फार महाग नसतो.

२८ दिवसांतले किती उरलेत ते मला कळवा.