अधिवास, तळप्रकार आणि गिरणेची रेती

अमळनेरहून विचारणा आहे: सागरी संरक्षित क्षेत्र आखण्यासाठी केलेला समुद्रतळाचा नकाशा मराठीत आणायचा आहे. ‘हॅबिटॅट’ला ‘अधिवास’ म्हटले की तहसीलचा दाखला आठवतो. ‘वसतिस्थान’ चालेल का? आणि ‘सँड’ म्हणजे आपली रेतीच ना?

‘अधिवास’च ठेवा. शालेय पुस्तकांत तो रुळला आहे. ‘वसतिस्थान’ चूक नाही, पण ‘अधिवासनिहाय’, ‘अधिवासगट’ अशी पुढची पदे त्यातून सहज निघत नाहीत. शिवाय संस्कृतात ‘अधि’ लागला की ‘वस्’ (राहणे) हा धातू राहण्याच्या जागेलाच कर्म करतो (ग्रामम् अधिवसति), म्हणजे जागेचे वजन शब्दातच आहे. टंकताना ‘आदिवास’ होऊ देऊ नका, एवढेच.

खरी गफलत पुढे आहे. नकाशावरचा प्रत्येक रंग अधिवास नसतो. मल्टिबीम सोनार (तळाकडे एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र) खोली मोजतो, शिवाय प्रतिध्वनी किती जोरकस तेही नोंदवतो: खडकाचा मोठा, मऊ चिखलाचा क्षीण. त्यावरून पडलेल्या गटांना ‘तळप्रकार’ म्हणा. ‘अधस्तर’ (सबस्ट्रेट) बरोबर असला तरी नकाशाच्या सूचीत जड होतो. चिखलावर शिंपल्यांचा चुरा पसरलेला असेल तर प्रतिध्वनी जोरात येतो आणि चिखल भरड तळ म्हणून रंगवला जातो. म्हणून कॅमेरा सोडतात, ग्रॅबने (जबड्यासारख्या मिटणाऱ्या पंज्याने) तळाचे नमुने उचलतात. ग्रॅबच्या जबड्यात गोटा अडकला तर वर येईतो बारीक गाळ धुऊन जातो. तो नमुना बाद. तळ, खोली, उजेड, लाटांचा मारा आणि तिथले जीव यांचा मेळ बसला की मग ‘अधिवास’. उथळ, उजेडातल्या खडकावर शैवाल, खोल अंधारातल्या तशाच खडकावर स्पंज: तळप्रकार एक, अधिवास दोन.

आता रेती. बांधकामावर गिरणा नदीची रेती ४.७५ मिमीच्या चाळणीतून उतरली की ती रेती. समुद्रतळाच्या नकाशात मात्र सहसा वेंटवर्थचे माप (गाळाचे कण आकारानुसार वाटणारी श्रेणी) चालते, त्यात रेती म्हणजे ०.०६३ ते २ मिमी. म्हणजे ३ मिमीचा कण जळगावात रेती, नकाशात नाही. त्याला ‘रेव’ म्हणा; ‘खडी’ म्हटले की क्रशर आला. ०.०६३ मिमीखालचा तो ‘चिखल’. इथे ओलेपणाचा संबंध नाही, समुद्रतळी सगळेच ओले! सूचीत प्रत्येक शब्दाशेजारी मिमी छापा.