निवटी आणि गुरुवार, जास्त जुळवून घेणारं कोण?

निवटी, म्हणजे तो खाडीच्या चिखलातला छोटा मासा. गुरुवार कुणाशी जुळवून घेत नाही, आपल्यालाच त्याच्याशी घ्यावं लागतं. भोसरी एमआयडीसीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारताय! सगळ्या जगाला रविवार, आम्हाला सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी वीजवाल्यांची दुरुस्तीची कामं. त्यात आमच्या घरी गुरुवार दत्ताचा. म्हणजे आठवड्यातली एकुलती एक सुट्टी, तीही पंख्याविना आणि माशाविना.

मी उरणकडचा. १९९६ साली गावाहून येताना बुधवारी रात्री डब्यात चिखलासकट पंधरा-वीस निवट्या आणल्या. बायको म्हणाली, "उद्या गॅसवर चढायच्या नाहीत." मग मोरीतल्या बादलीत बोटभर पाण्यात ठेवल्या. सकाळी बघतो तर एक बाईसाहेब बाहेर येऊन ओल्या फरशीवर पुढच्या परांवर रेलून बसलेल्या. डोळे पार टाळूवर, मधेच आत ओढून ओले करायचे, परत बाहेर. कातडी ओली असली की तिच्यातूनच श्वास, कल्ल्यांत पाणी भरलेलं. त्या जोरावर ओहोटीला चिखलात फिरते ती.

मेव्हणा तेव्हा आमच्याकडेच राहायचा. बँकेत, म्हणजे सुट्टी रविवारी. मोरीत डोकावून म्हणाला, "दाजी, बघा, मासा असून जमिनीवर जमवतोय. तुम्हाला साधा एक वार जमत नाही." अरे, पण ती आपलं पाणी सोबत घेऊन फिरते, ते नाही दिसलं? मी डब्यातून माझी खाडी आणली तर तो हट्ट!

नवीन लग्न झालेलं असेल तर सुट्टीचा वार आणि घरातला पाळायचा वार आधी जुळवून बघा, पत्रिका नंतर.

आता गुरुवारवरही अन्याय नको. मार्गशीर्षात तोच महालक्ष्मीचा होतो, आमच्या शेजारच्या चाचांची तीच जुमेरात. आणि निवटीची सगळी करामत चिखल आहे तोवर. खाडीत भराव पडला की तिथली निवटी गेलीच.

त्या निवट्या शिजल्या शुक्रवारी संध्याकाळी. मी सेकंड शिफ्टला होतो. रात्री बारा वाजता घरी आलो तेव्हा पातेल्यात गार कालवण आणि निवट्या तीन. मेव्हणा घोरत होता.