पहिली गाडी: आत्याची लूना, बाबांची चेतक आणि मामाची जीप

तुमचा प्रश्न असा की वय 24, नोकरीसाठी नाशिकला आलात, सायकल सोडून काही चालवलेलं नाही, आम्ही सगळे पहिल्यांदा कशावर शिकलो आणि तुम्ही डायरेक्ट बिनगिअरची स्कूटर आणि ऑटोमॅटिक कार शिकलात तर चालेल का.

आमच्या वेळी कशावर शिकायचं हे आपण ठरवायचोच नाही हो. जी गाडी कोणीतरी हातात द्यायला तयार असेल ती पहिली गाडी, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असायची. आमच्या घरी चेतक होती पण बाबांनी ती बुक केली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते आणि आली तेव्हा मी चौथीत वगैरे असेन, तेव्हा बजाजच्या स्कूटरला असंच वर्षानुवर्षं वेटिंग असायचं, कारखान्याने किती गाड्या बनवायच्या यावर सरकारचं बंधन आणि मागणी तिच्या कितीतरी पट, डॉलर भरून बुक केलं तर लवकर मिळायची पण परदेशात आमचं कोण होतं. इतकी वाट बघून आलेली गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती, तिला पोरींनी हात लावायचा नाही.

म्हणून माझी पहिली गाडी आत्याची लूना. आत्या नाशिकरोडला प्रेसमध्ये होती (बाहेरच्यांसाठी, जिथे नोटा आणि स्टॅम्प छापतात ती), रोज लूनावर जायची. लूना पन्नास सीसीची, गिअर नाही, त्यामुळे सोळाव्या वर्षी लायसन्स मिळायचं, म्हणजे अकरावीतल्या मुलीसाठी कायदेशीर अशी तीच एक गाडी. पेडल मारून स्टार्ट करायची आणि पेट्रोल संपलं तर तेच पेडल मारत घरी यायचं, ही सोय आजच्या एकाही स्कूटरला नाही बघा. लूनावर इंजिनाचं फार काही कळत नाही, पण रस्ता कळतो. मागून येणाऱ्या एसटीला कधी जागा द्यायची, रिक्षावाला कुठं अचानक थांबणार, वाळूवर ब्रेक कुठला मारायचा नाही, हे सगळं मी तिच्यावरच शिकले आणि स्पीड इतका कमी की शिकायला वेळ मिळतो. माझं तर मत आहे की बॅलन्स आणि ट्रॅफिक आधी शिकावं, गिअर नंतर.

चेतक हातात आली ती बाबांचा खांदा दुखायला लागला तेव्हा, त्यांना किक मारवेना. आता चेतकचं सांगते कारण बऱ्याच जणांनी ती फक्त फोटोत बघितलीय (आता मिळते ती इलेक्ट्रिक, नाव तेच पण गाडी साफ वेगळी). गिअर पायात नाही, डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ फिरवायची, पहिला वर, मग न्यूट्रल, मग खाली दोन तीन चार. इंजिन उजव्या बाजूला लटकलेलं त्यामुळे गाडी जरा उजवीकडे ओढते, हात सोडून चालवणाऱ्यांना लगेच समजायचं. टू स्ट्रोक म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं, ते जास्त झालं की प्लग काळा, मग प्लगपाना काढा, पॉलिश पेपरने घासा. आणि सकाळी स्टार्ट होईना की गाडी इंजिनाच्या बाजूला तिरपी करायची, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त उतरतं आणि किक लागते. शेजारच्या काकूंना वाटायचं आम्ही गाडीची पूजा करतोय.

कारचं म्हणाल तर आधी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरले, मारुती 800 होती. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी पण क्लच ब्रेक असतात, कायद्यानेच असावे लागतात ते, पण आमचे सर क्लच स्वतःच दाबायचे आणि मी नुसतं स्टिअरिंग धरून कॉलेज रोडला चकरा मारायचे, कोर्स संपला तरी क्लच म्हणजे काय ते माझ्या पायाला माहीत नाही. खरी शिकले दिंडोरीकडे मामाच्या द्राक्षबागेत, त्याच्या महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपवर. मामा म्हणाला ॲक्सिलेटरला पाय लावूच नको, नुसता क्लच हळूहळू सोड. आणि गाडी आपोआप पुढे सरकली! डिझेल इंजिनाला कमी आरपीएमवरच भरपूर ताकद असते म्हणून ते पटकन बंद पडत नाही, पेट्रोल 800 त्याच जागी चारदा मेली असती. क्लच नेमका कुठं पकडतो ते पायाला तिथं समजलं. स्टिअरिंग मात्र पॉवरचं नाही, उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे दोन्ही दंड भरून यायचे, त्यामुळे गाडी किंचित चालू असतानाच वळवायची सवय लागली जी आजही आहे.

तर तुमच्यासाठी. दुचाकी बिनगिअरची शिका, बिनधास्त, फक्त लक्षात ठेवा की विदाऊट गिअर आणि विथ गिअर हे लायसन्सचे वेगळे प्रकार आहेत, पुढे मोटारसायकल घ्यायची शक्यता असेल तर आत्ताच विथ गिअर काढा. कार मात्र मॅन्युअलवरच शिका असं मी म्हणेन. कारण ऑफिसची, मैत्रिणीची, भावाची, कुठलीही गाडी अडचणीला हातात आली तर चालवता यायला पाहिजे, आणि आपल्याकडे अजून गावोगावी गिअरच्याच गाड्या आहेत. ऑटोमॅटिक नंतर सहज जमते, उलटं जमायला त्रास होतो.

लर्निंग लायसन्स ऑनलाइन निघतं, सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, ती टेस्ट पेठ रोडच्या आरटीओला. तोपर्यंत गाडीला लाल एल लावा आणि कारमध्ये शेजारी लायसन्सवालं माणूस बसवा. सरावाला सातपूर अंबडच्या एमआयडीसीतले रुंद रस्ते बरे, कंपन्यांना सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी जा. तिथं हात बसला की होळकर पुलाकडून रविवार कारंजाकडे येणारा चढ घ्या, गर्दीत, हँडब्रेक लावून, मागे रिक्षा चिकटलेली असताना. तिथे गाडी मागे न जाता निघाली की मग टेस्टची तारीख घ्या.