शॉक बदलू की स्प्रिंग?

प्रश्न: माझ्या नेकेड बाइकला मागे मोनोशॉक (एकच शॉक अब्सॉर्बर) आहे, बायको मागे बसली की ताम्हिणीत मागचा भाग पार बसतो आणि वळणात बाइक बाहेर पळते. महागडा शॉक घेऊ का?

उत्तर: थांबा, आधी टेप काढा. मागचं चाक अधांतरी धरून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत मोजा, मग दोघं बसून परत मोजा, फरक साधारण 30-40 मिमी हवा, जास्त आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही हां, नुसती बाइक उचलली जाते, त्यामुळे कॉलर (स्प्रिंग दाबणारी फिरती रिंग) फुल आवळूनही बसतच असेल तर वजनाप्रमाणे कडक स्प्रिंग टाका, पण मग रीबाउंडही (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारा रोध) वाढवावा लागतो आणि बऱ्याच स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, शॉकला त्यासाठीचा स्क्रूच नसतो. तुमच्याला नसेल तरच नवा घ्या.